टोकाच्या सहा गायी

३ मार्च

चि. ठकू हिस,
आप्पाचे भरभरून आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. फोन धड आहे आणि मीही धड आहे. पण गेल्या रविवारी फोनवर आपण दोघं ज्या आवाजात बोललो तो ऐकून तुझ्या आईने हुकूम काढलाय, की बाप-लेकीने त्या पट्ट्यांवरून जे काय भांडायचं ते कागदावर भांडावं, शेजाऱ्यांना फुकटचा तमाशा नको. तुझ्या मामाचा टँकर रोज सकाळी आपलं दूध घेऊन तुमच्या केंद्रावर येतोच. टपाल हातोहात.

तर पहिला मुद्दा. एक्केचाळीस गायींच्या गळ्यात रवंथ मोजणारे एक्केचाळीस पट्टे तू बांधून गेलीस, मी बांधू दिले. पण रोज संध्याकाळी दूध काढून झालं की मी पलीकडच्या दावणीच्या टोकाला खुर्ची टाकून डोळे मिटून बसतो, हे तू लहानपणापासून बघत आलीस. एक्केचाळीस जबडे रवंथ करतात आणि त्यातला एक जरी थांबला तरी मला कळतं. भाड्याच्या पत्र्याखाली एका गायीवर सुरुवात केली तेव्हा माझ्याकडे डॉक्टर नव्हता, पुस्तक नव्हतं. दोन कान होते. आहे ते सगळं त्यांनी मिळवलंय.

दुसरा मुद्दा थट्टेचा नाही. काल मी टेकडीवाल्याला सहज फोन लावला. गडी नेहमीसारखा हसत होता, सगळं झकास म्हणत होता. पण त्याच्या मागून आवाज येत होता. चपचप, चपचप. जीभ सोलवटली की गाय ओठ मिटते-उघडते ना, तो. वीस वर्षांपूर्वी एकदाच ऐकलाय, पण तो विसरायचा नसतो. मी विचारलं, जनावरं बरी आहेत ना रे. तो म्हणाला, एकदम. आणि फोन ठेवला. तुझ्या पडद्यावर त्याचा गोठा दिसतो का? आणि आपला?

उत्तर मामाकडेच दे. लोभ आहेच, तो कमी करायचं मनात आणू नकोस.

तुझा
आप्पा

४ मार्च

ती. आप्पा यांस,
शि. सा. न. वि. वि.

मामाने पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि उत्तर घेतल्याशिवाय उठायचं नाही असं तुम्ही बजावल्याचं सांगून समोरच बसून राहिला. त्यामुळे घाईत लिहितेय.

तुमचे कान खरे आहेत. टेकडीवाल्यांचा चौकोन परवापासून लाल आहे, आणि पुलाजवळच्या बाईंचा त्याच्या आदल्या दिवसापासून. माझी खोली तुम्ही पाहिलेली नाही. तपासणीच्या खोलीवरचा पोटमाळा, हात तुटलेली खुर्ची, दोन पडदे आणि त्यावर एकतीस गोठ्यांचे एकतीस चौकोन. पट्टा फक्त रवंथीची मिनिटं मोजतो आणि गाय किती हलली ते. रोग कुठला ते त्याला कळत नाही. पण गायीला आतून बरं वाटेनासं झालं की सगळ्यात आधी रवंथ कमी होते, ताप आपल्या लक्षात येण्याआधी, फोड यायच्या तर एखाद-दोन दिवस आधी. मग चौकोन पिवळा होतो, मग लाल. तो एवढंच सांगतो की इकडे बघा.

टेकडीवाले माझा फोन उचलत नाहीत. लाळ-खुरकूत आहे असं डॉक्टरांचं मत आहे, आणि यंदाच्या विषाणूच्या जातीवर आपण टोचलेली लस पुरी पडत नाही. नियम तुम्हाला माहीत आहे. मालकाने स्वतः वेळेत कळवून आजारी जनावरं वेगळी काढली तर तेवढीच मारायला नेतात. लपवलं आणि मग उघड झालं तर गोठाच्या गोठा जातो.

आपला चौकोन हिरवा आहे. तरी फाटकाशी औषधाच्या पाण्याचं घमेलं ठेवा, आणि पाय बुडवल्याशिवाय कुणालाही आत घेऊ नका.

एक गंमत मात्र समजत नाही. पलीकडच्या दावणीतल्या टोकाच्या सहा गायी अलीकडच्या सहा गायींबरोबर मिनिटाला मिनिट जुळवून रवंथ करतात. त्या थांबल्या की ह्या थांबतात. एवढा एकोपा आपल्या घरात माणसांतही नाही. काही कळलं तर सांगा.

आईला नमस्कार. तुमचा राग आणि माया दोन्ही असू द्या, मला दोन्हींची सवय आहे.

तुमची
ठकू

५ मार्च

चि. ठकू हिस,
अनेक आशीर्वाद.

टेकडीवाल्याचा गोठा काल गेला. अठ्ठावीस जनावरं. मी बघायला गेलो नाही, जायची छातीच झाली नाही. पण आवाजाला कुठे फाटक असतं? दुपारभर गाड्यांची घरघर येत होती आणि आज सकाळी त्या बाजूने काहीच नाही. रोज पहाटे त्याच्या गायी हंबरल्या की आमच्या उत्तर द्यायच्या. आज आमच्या हंबरल्या आणि कान टवकारून उभ्या राहिल्या. मास्तरीण तर किती वेळ तिकडेच तोंड करून होती. ती टोकाची पहिली, सगळ्या कळपाची हजेरी घेणारी, तुला ठाऊकच आहे.

घमेलं ठेवलंय. तुझी आई तिथे पहाऱ्याला बसते आणि पाय नीट बुडवले नाहीत तर मला स्वतःलाही माघारी पाठवते. मामाला मात्र ती ओरडली की तो पाय हवेत झटकून, झालं झालं म्हणत पुढे निघतो. बहीण-भावांचं असतंच ते. मी टोकाला असतो म्हणून तो पत्र द्यायला थेट तिथपर्यंत येतो, मास्तरिणीच्या मानेखाली खाजवतो, ती त्याची बाही चाटते, मग तो पत्र देतो. सरकारी टपालात ही चैन नाही.

एकोप्याचं विचारलंस. माझ्या हाताखाली वाढल्यात, शिस्त आहे. सगळ्याच गोष्टींचं कारण शोधत बसू नये.

संध्याकाळी जास्त वेळ ऐकत बसलो होतो. सगळं ठीक वाटलं. वाटलं असं लिहितोय, कारण भीतीने कानात स्वतःचंच रक्त वाजत होतं.

आपला चौकोन रोज कळवत जा. आणि बापावर जीव असू दे.

आप्पा

६ मार्च

ती. आप्पा यांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी मामाकडे दिलेलं नाही. पोस्टात टाकतेय, उद्या फाटकाच्या पेटीत पडेल. फाटकाला आजच कुलूप लावा, मामालाही आत घेऊ नका, एवढं मी आईला फोनवर सांगितलं. का, ते मात्र फोनवर सांगवलं नाही.

काल तिसरा गोठा लाल झाला, विटांच्या भट्टीमागचा. मी तिन्ही गोठे तारखांसह कागदावर मांडले. ते एकमेकांना लागून नाहीत. त्यांचा चारा एका ठिकाणचा नाही, पाणीही नाही. तिथे जाणारा एकच माणूस आहे. पण टँकर तर एकतीसही ठिकाणी जातो. मग मी मामाला सहज विचारते असं दाखवून विचारलं, की तू गोठ्यात आत कुठे कुठे जातोस. तो हसून म्हणाला, कुठेच नाही, नळी बाहेरच्या भिंतीला लावायची, टाकी रिकामी करायची, निघायचं. फक्त चार ठिकाणी जातो. पुलाजवळच्या बाईंची बादली जड असते म्हणून. टेकडीवाला चहा पाजतो म्हणून. भट्टीमागचा म्हातारा गप्पांना आसुसलेला असतो म्हणून.

आप्पा, चौथं ठिकाण आपलं. आणि तिथे तो आत येतो तो माझी पत्रं द्यायला.

त्याला काही माहीत नाही. त्याच्या बुटांना, बाहीला जे काय लागलं असेल ते त्याने मायेनेच वाहून आणलंय. पण मला हे केंद्राच्या साहेबांना सांगावं लागेल. सांगितलं की त्याचा टँकर थांबेल आणि चार गावांत त्याचं नाव खराब होईल. आईला मी कुठल्या तोंडाने सांगू ते कळत नाही.

आपला चौकोन अजून हिरवा आहे. मी दर तासाला बघते. तेवढ्याच आधारावर बसलेय.

उत्तर लिहिलंत तर कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी औषधाच्या पाण्यात बुडवूनच पेटीत ठेवा. लोभ असू द्या, ह्यावेळी मागूनच घेते.

ठकू

७ मार्च

चि. ठकू हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र दुपारी फाटकाशीच वाचलं. मामाचं आईला सांगू नकोस. मीही सांगणार नाही. आणि साहेबांनाही एक दिवस थांबून सांग, असं मी पहिल्यांदा लिहिलं होतं. ते खोडून दुसरा कागद घेतलाय, कारण मला तुला काहीतरी सांगायचंय आणि त्यानंतर तुला गप्प बस म्हणायचा माझा हक्क राहत नाही.

हिरव्या चौकोनाच्या आधारावर बसू नकोस, ठकू. तो खोटा आहे.

माझी खुर्ची टोकाला. तिथल्या सहा जणींच्या पट्ट्यांची बक्कलं समोरच्या लोखंडी गजावर आपटायची. मान हलली की टण्. सहा माना, सतत टणटण. मला रवंथ ऐकू येईना. दोन दिवस सोसलं, मग सहाही पट्टे काढले. नुसते खुंटीला टांगले असते तर तुझा फोन आला असता, म्हणून ते अलीकडच्या दावणीतल्या सहा शांत गायींच्या गळ्यात दुसरा पट्टा म्हणून बांधून टाकले. हुशारी केली. वाटलं, पोरीचं यंत्र खूश, माझे कान खूश. पंधरा दिवस झाले. तू एकोप्याचं विचारलंस तेव्हाही मी तोंड वर करून शिस्तीच्या गोष्टी लिहिल्या.

म्हणजे त्या सहा जणींवर पंधरा दिवस माझ्याशिवाय कुणाचंच लक्ष नाही. आणि मामा थांबतो तो नेमका त्यांच्याजवळ.

आज संध्याकाळी पाचला सहाही पट्टे परत ज्याच्या त्याच्या गळ्यात घातले. मास्तरिणीचं बक्कल लावताना तीन वेळा बोट चेमटलं. नंतर बसून ऐकलं. टणटणीतूनही ऐकलं. मला सगळ्या बऱ्या वाटतात. पण माझ्या वाटण्यावर आता माझाच भरवसा उरलेला नाही. तू बघ.

रागावलीस तर रागव. पण बघ.

आप्पा

८ मार्च

ती. आप्पा यांस,
शि. सा. न. वि. वि.

सकाळी फोनवर मी फक्त हुकूम सोडले. बाकीचं आता लिहिते.

तुमची पिशवी दहाला पोचली. त्याआधीच पडद्याने चुगली केली होती. काल पाच वाजता सहा जोड्या अचानक फुटल्या, आणि मला एका क्षणात एकोप्याचा अर्थ कळला. मी ओरडले नाही. ओरडायला समोर कुणी नव्हतं. त्या सहा आकड्यांकडे बघत बसले. सकाळी सहाला मास्तरिणीची रवंथ नेहमीच्या एक तृतीयांशावर होती. शेजारच्या दोघी पिवळ्या. मग मी फोन केला, आईने थर्मामीटर लावला, एकशे पाच. तुम्ही मागून म्हणत होतात की जीभ स्वच्छ आहे, तोंडाचा आवाज नाही, मी ऐकलं.

आठ वाजता मी साहेबांना आणि डॉक्टरांना सगळं कळवलं. तुमचं ते एक दिवसाचं नंतर वाचलं. बरं झालं खोडलंत, पण नसतं खोडलं तरी तोवर माझं कळवून झालं होतं. मालकाच्या घरूनच वेळेत कळलं अशी नोंद झालीय.

मामालाही मीच सांगितलं, दुसऱ्याकडून कळायला नको म्हणून. तो टँकरमध्ये चढून दार लावून बसला. काचेतून मला दिसत होता, हात स्टिअरिंगवर आणि गाडी बंद. बऱ्याच वेळाने उतरला आणि एवढंच विचारलं, की पुलाजवळच्या बाईंच्या किती गेल्या.

आता नीट वाचा. सहाही जणी जुन्या यंत्रशेडमध्ये, त्यांच्या बादल्या आणि पाणी वेगळं. जो माणूस त्यांच्याबरोबर जाईल त्याने चौदा दिवस घरात किंवा बाकीच्या गायींकडे यायचं नाही. तुम्ही किंवा आई. दोघांपैकी एकाने कुठली बाजू घ्यायची ते तुम्ही ठरवा. डॉक्टर उद्या नऊला येतील.

मी रागावलेय. पण त्याला पुढे वेळ मिळेल. तुमच्या प्रकृतीला जपा, हे नेहमीचं वाक्य आज मनापासून वाचा.

ठकू

१० मार्च

चि. ठकू हिस,
यंत्रशेडमधून आशीर्वाद.

अक्षर आईचं आहे, बोलणं माझं. इथून कागदसुद्धा बाहेर जायचा नाही असं डॉक्टर बजावून गेले. म्हणून मी पत्र्याच्या आतून ओरडतो आणि ती बाहेर बादली पालथी घालून त्यावर बसून लिहिते. लग्नानंतर पहिल्यांदा ती माझं सगळं मध्ये न बोलता ऐकून घेतेय. (हे मी लिहिणार नव्हते, पण जसंच्या तसं लिही म्हणाले. आई.)

काल डॉक्टर नऊला आले. सहाही तोंडं उघडून बघितली, बॅटरी लावून बघितली. काही दिसलं नाही. नमुने घेतले आणि तापावरून आजारीच धरा म्हणाले. मला वेड्यासारखी आशा वाटली. मग दुपारी बाराला मास्तरीण माझ्याकडे तोंड करून उभी होती आणि सुरू झालं. चपचप. मी भिंतीला टेकून बसलो होतो तो तसाच राहिलो.

तुझ्या पडद्याने परवा सकाळी सहाला सांगितलं. माझ्या कानांना काल बाराला कळलं. तीस तास, ठकू. बसल्या बसल्या मी ते तीस तास मोजले. त्यात तीन वेळा दूध काढलं असतं. पहिली मास्तरीण, कारण ती नेहमीच पहिली, आणि तिच्या सडांना लावलेली यंत्राची नळी मग एकामागून एक चाळीस जणींना. मी स्वतःच्या हाताने ती लावली असती, आणि संध्याकाळी खुर्चीवर बसून सगळं ठीक म्हणालो असतो. हे डोळ्यांसमोरून हलत नाही. कान खोटं बोलले नाहीत गं, पण ते सुरू झालेलंच ऐकतात.

उद्या सकाळी सहाही जणींना नेणार. त्यांना काही कळू नये म्हणून मी रोजच्यासारखं बोलतोय त्यांच्याशी. मास्तरिणीला खायचं असतं पण तोंडात धरवत नाही. पाणी हाताने लावतो. तिकडच्या पस्तीस कशा आहेत ते दिवसातून दोनदा आईला फोनवर सांग, ती मला ओरडून सांगेल.

तुझ्या मामाचं कसं आहे तेही कळव. (का ते विचारू नकोस असं मला म्हणाले. मी विचारलं नाही. आई.)

माझ्यावर रागावायचं राहिलंय, ते विसरू नकोस.

आप्पा

१२ मार्च

चि. ठकूस,
आईचे आशीर्वाद.

आजचं पत्र माझं, मीच बोलणार आणि मीच लिहिणार.

आधी माझ्या भावाचं. तो आठ तारखेलाच फाटकाबाहेर रस्त्याच्या पलीकडे येऊन उभा राहिला आणि तिथूनच मोठ्याने सगळं सांगून गेला. पाय बुडवत जा म्हणून मी रोज ओरडत होते हे त्यानेच मला आठवण करून दिलं. मी त्याला घरी जाऊन जेव म्हणाले. दुसरं काय म्हणणार. तुम्ही बाप-लेक हे माझ्यापासून लपवत बसलात, तेवढं मात्र मी लक्षात ठेवलंय.

सहा जणी काल गेल्या. हे आत एकटे आहेत. शेड अजून सोडता येत नाही.

आज सकाळी सातला तुझा फोन आला. दाराजवळची पहिलारू, पांढऱ्या कपाळाची, पिवळी झाली म्हणून. मी थर्मामीटर लावला. एकशे तीनला जरासा कमी, म्हणजे गायीला असतो त्याहून थोडाच जास्त. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, उन्हाने असेल, पहिल्या वेताचा अशक्तपणा असेल, किंवा तेच असेल. संध्याकाळपर्यंत वाट बघता येईल, किंवा आत्ताच काढता येईल. पण काढली तर ती परत यायची नाही, कारण शेडच्या बाजूला गेलेलं जनावर परत कळपात घेत नाहीत. निर्णय मालकाचा.

क्षणभर वाटलं, आत काही सांगूच नये. कालच सहा गेल्यात. मग यांचे ते दोन-दोन पट्टे आठवले, आणि मी सरळ पत्र्याशी जाऊन सगळं सांगितलं. हे काही बोललेच नाहीत. मला वाटलं ऐकू गेलं नसेल, यांना, बघ. म्हणून मी पुन्हा सांगितलं, आणि म्हणाले, हवं तर तिला अंगणात इतकी जवळ आणून उभी करते की तुम्हाला तिची रवंथ ऐकू येईल. तुम्ही ऐका आणि मग ठरवा.

आतून आवाज आला की नको. ऐकलं तर मी तिला ठेवून घेईन. काढ तिला.

मी काढली. एकटीने, आणि तिला तुझ्या नावाने हाका मारत नेली, कारण ती नवीन, तिला अजून नाव ठेवलेलं नाही. दुपारी गाडी आली. तिला खरंच काही झालं होतं का, ते नमुन्यातून आठवड्याने कळेल. हे म्हणतात की कळलं तरी मला सांगू नका.

चौतीस आहेत. दहा दिवस राहिलेत. संध्याकाळचे आकडे जे असतील ते सांग, चांगले करून सांगू नकोस. मी पत्र्याशी उभी आहे, हे आत उभे आहेत, आणि दोघंही तुझ्या फोनची वाट बघतोय.

घरी यायची घाई करू नकोस. आम्हा दोघांवर लोभ असू दे, तो तिथूनही पोचतो.

तुझी
आई
आणि पत्र्यापलीकडून, आप्पा